गोंडवनातील परकीय संशोधक आणि निवासाचा हक्क : एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातून शिकून अमेरिकेत गेलेला एक माजी विद्यार्थी सुटीत भेटावयास आला होता. तो रसायनशास्त्रातील संशोधक आहे. त्याने सोबत आणलेली कागदांची जाड चळत पाहून प्रथम तो त्याचा प्रबंध असावा असे वाटले. प्रत्यक्षात तो कायम निवासाच्या परवान्यासाठी त्याने स्वतःच्या नावाने केलेला अर्ज होता. त्यात त्याचे शोधनिबंध, त्या निबंधांचा इतरांनी केलेला उल्लेख, निरनिराळ्या देशांतील प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि आपण या देशास का हवे आहोत याचे त्याने स्वतः केलेले विवेचन होते. "सर, स्वतःविषयी इतके चांगले लिहिताना लाज वाटते," असे तो म्हणाला. मालकाने किंवा विद्यापीठाने अर्ज न करता संशोधकाने स्वतःच अर्ज करावा, ही तरतूद त्या देशाच्या कायद्यात आहे हे प्रस्तुत लेखकास तेव्हा प्रथम समजले.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या मनात यातून एक प्रश्न उभा राहिला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आणि त्यास लागून असलेल्या गोंड मुलखात परकीय संशोधक येऊन राहिले, तेथील भाषा शिकले, ग्रंथ लिहून गेले. ते येथे कोणाच्या परवानगीने राहिले? आपण येथे राहावे असे कोणी म्हटले, त्यांनी स्वतः की दुसऱ्या कोणी? आणि त्या परवानगीची किंमत त्यांनी कशी चुकविली? संशोधनाच्या इतिहासात ग्रंथांची चर्चा पुष्कळ होते. ग्रंथकर्त्याच्या निवासाच्या कागदाची होत नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे.

प्रदेशाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना, जिवती हा माणिकगडच्या डोंगरांचा भाग मात्र जुन्या चांदा जिल्ह्यात नव्हता. तो निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडकडे आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. याच पुनर्रचनेत किनवट नांदेडमध्ये आले. त्यामुळे 'आदिलाबादचे राजगोंड' या नावाने जो अभ्यास जगप्रसिद्ध झाला, तो ज्या मुलखाविषयी आहे त्याचा एक भाग आज महाराष्ट्रात आहे. आपल्याकडे हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

परवान्याची गरज नसलेला संशोधक

या प्रदेशाचा अभ्यास करणारे पहिले महत्त्वाचे परकीय नाव स्टीफन हिस्लॉप यांचे. हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ मध्ये नागपुरास आले, भूगर्भशास्त्रात त्यांनी मोलाची भर घातली आणि १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. आदिवासी जमातींविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने हिस्लॉप यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही, कारण सत्ताधारी राष्ट्राचाच प्रजाजन असल्याने निवासाचा प्रश्न त्यांच्यापुढे उभाच राहिला नाही. परकेपणा हा माणसाच्या अंगचा गुण नसून त्याच्या हातातील कागदाचा गुण आहे, हे पुढील दोन उदाहरणांत दिसते.

लेखी हमी देऊन परतलेले एल्विन

व्हेरिअर एल्विन हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. १९०२ मध्ये जन्मलेले व ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हे गृहस्थ १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. तेथेच त्यांना शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती सहकारी भेटले, ते जन्मभराचे. दोघांनी १९३२ च्या आरंभी मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड खेड्यात आश्रम काढला. एल्विन गांधीजींचे अनुयायी बनले होते आणि सरहद्द प्रांतातील दडपशाहीची पाहणी करण्यासही ते गेले होते. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले असता ब्रिटिश सरकारने त्यांच्या परतण्यास हरकत घेतली. राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, आपले काम गोंडांपुरते मर्यादित ठेवू, अशी लेखी हमी दिल्यानंतरच त्यांना पुन्हा हिंदुस्थानात येता आले.

हे प्रकरण एल्विनच्या चरित्रात दोन-चार परिच्छेदांत संपते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे महत्त्व त्याहून मोठे आहे. ब्रिटिश प्रजाजन असूनही ब्रिटिश हिंदुस्थानात राहण्यासाठी या माणसाला अर्ज करावा लागला, आणि त्या अर्जाचे मोल होते मौन. पुढे एल्विन यांचे लक्ष राजकारणाकडून मानववंशशास्त्राकडे वळले. याची अनेक कारणे आहेत व ती सर्व या हमीत शोधणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मध्य हिंदुस्थानातील आदिवासींवर विपुल लिहिणाऱ्या लेखकाचा या मुलखातील वास एका प्रतिज्ञापत्रावर उभा होता, ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करता येत नाही. बस्तरच्या माडियांवरील त्यांचा ग्रंथ १९४३ मध्ये आणि मुरियांच्या गोटुलावरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंद्रावतीच्या अलीकडचे भामरागडचे माडिया हे त्याच समाजाचे, त्यामुळे गडचिरोलीच्या अभ्यासकास हे ग्रंथ आजही हाताशी ठेवावे लागतात.

१९५४ मध्ये एल्विन यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. त्याच वर्षी ते ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनात आदिवासीविषयक सल्लागार झाले आणि १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारतीय म्हणूनच जगले. १९३२ ची हमी आणि १९५४ चे नागरिकत्व यांमध्ये बावीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या वेळी राज्यसत्तेने त्यांच्याकडून काय करणार नाही हे लिहून घेतले. दुसऱ्या वेळी त्यांनी आपण कोण आहोत हे स्वतः ठरविले.

शत्रुराष्ट्राच्या पारपत्रावरील अभ्यासक

या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांचे आहे. १९०९ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले हे मानववंशशास्त्रज्ञ लंडनमध्ये मॅलिनोव्स्की यांच्या सहवासात शिकले आणि १९३६-३७ मध्ये त्यांनी नागा टेकड्यांतील कोन्याक जमातीत राहून अभ्यास केला. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. या घटनेत हैमेनडॉर्फ यांचा काही हात नव्हता, परंतु त्यांच्या पारपत्राचा रंग मात्र पालटला. १९३९ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले, महायुद्ध सुरू झाले, आणि जर्मन पारपत्राचा हा धारक एका दिवसात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला.

अशा नागरिकांचे पुढे काय होई हे महाराष्ट्रातील वाचकास वेगळे सांगावयास नको. अहमदनगर येथे जर्मनांसाठी स्थानबद्धतेची छावणी होती; पुरंदरच्या किल्ल्यावरही जर्मन कुटुंबे ठेवण्यात आली होती. हैमेनडॉर्फ यांच्या वाट्याला तारेचे कुंपण आले नाही. त्यांना अटक झाली ती सौजन्यपूर्वक, कारण अटक करणाऱ्यांपैकी कित्येक अधिकारी त्यांचे परिचित होते. हैदराबाद संस्थानाच्या सीमेबाहेर जाऊ नये या अटीवर त्यांना निजाम सरकारच्या देखरेखीखाली राहू देण्यात आले. मोकळा तुरुंगच तो. पण त्या तुरुंगात नल्लमलैची जंगले होती, गोदावरीचे खोरे होते आणि आदिलाबादचा गोंड मुलूख होता. प्रथम चेंचू, मग कोंडा रेड्डी आणि त्यानंतर राजगोंड असा त्यांचा अभ्यास पुढे सरकत गेला. चेंचूंवरील ग्रंथ १९४३ मध्ये, रेड्डींवरील १९४५ मध्ये आणि राजगोंडांवरील १९४८ मध्ये बाहेर पडला. युद्ध झाले नसते तर इतका प्रदीर्घ मुक्काम हैदराबाद संस्थानात घडला असता काय, याची शंका वाटते. गोंडांच्या अभ्यासाचा हा मूलभूत ग्रंथ काही अंशी एका निर्बंधाचे फळ आहे.

राजगोंडांकडे त्यांना जावे लागले त्यामागे एक रक्तरंजित घटना होती. आदिलाबादच्या डोंगरात राखीव वनांच्या सीमा आखताना पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे गोंड व कोलाम अतिक्रमणदार ठरत होते. झोपड्या जाळणे, गुरे कोंडणे, दंड वसूल करणे असे प्रकार चालू होते. तर दुसरीकडे मैदानातील सावकार व जमीनदार पट्टे आपल्या नावावर करून घेत होते. कुमराम भीमू यांनी अर्जविनंत्या करून पाहिल्या आणि शेवटी जोडेघाटच्या परिसरात ते शस्त्रानिशी उभे राहिले. १९४० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात ते व त्यांचे साथीदार मारले गेले. उठाव का झाला, याचा शोध घेण्याची गरज त्यानंतर निजाम सरकारला भासली, आणि शोध घेण्यास योग्य माणूस सरकारच्याच देखरेखीत होता.

येथे एक विलक्षण जुळणी दिसते. ज्याला या भूमीवर राहण्याचा कायदेशीर हक्क नाही असा परदेशी, ज्यांना आपल्याच भूमीवर राहण्याचा कायदेशीर पुरावा दाखविता येत नाही अशा माणसांची चौकशी करीत होता. दोघांचेही राहणे सरकारच्या मर्जीवर होते. फरक इतकाच की, हैमेनडॉर्फ यांच्या पाठीशी अधिकाऱ्यांची ओळख होती. भीमूच्या पाठीशी कोणी नव्हते.

आश्रयदात्याच्या मर्जीवर जगणारा अभ्यासक सत्य लिहू शकतो काय, हा प्रश्न विचारला पाहिजे. हैमेनडॉर्फ यांचे अहवाल हैदराबादच्या महसूल खात्याने १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यास प्रस्तावना होती ती बस्तरच्या माडियांवर ग्रंथ लिहिणारे व त्या वेळी संस्थानच्या सेवेत असलेले विल्फ्रिड ग्रिगसन यांची. जंगल खात्याची लाचखोरी, पाटील-पटवाऱ्यांचे जुलूम, सावकारांची लूट यांवर हे अहवाल कमालीचे स्पष्ट आहेत. गोंडांच्या गाऱ्हाण्यांकडे वेळीच लक्ष दिले असते तर उठाव टळला असता असे त्यांचे मत होते. परंतु ही सारी टीका कारभारावरची आहे, राज्यसत्तेवरची नाही. कारभार सुधारा म्हणजे राज्य टिकेल, अशी तिची बैठक आहे. हैमेनडॉर्फ स्वभावतः तसेच होते, की परिस्थितीने त्यांना तसे लिहावे लागले, हे ठरविणे कठीण आहे. आश्रिताच्या लेखनावर ही छाया राहतेच. वाचकानेच ती लक्षात ठेवून वाचावयाचे असते.

तथापि त्यांनी केलेले काम केवळ कागदी नव्हते. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडीतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. राज्यकारभाराची भाषा उर्दू, जिल्ह्यात तेलुगूचा मोठा प्रभाव, आणि तरीही लिपी देवनागरी. कारण या डोंगराळ भागातील गोंडांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार बव्हंशी मराठीतून चाले. गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याची मोहीमही याच काळातील. १९४५ मध्ये हैमेनडॉर्फ निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले, उस्मानिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. नजरकैदेतील परदेशी सहा वर्षांत सरकारचा सल्लागार बनला. १९४६ मध्ये, म्हणजे १३५६ फसलीत, हैदराबाद संस्थानाचा आदिवासी क्षेत्रविषयक कायदा झाला.

या कामात पुढे एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. इतिहाससंशोधक सेतुमाधवराव पगडी हे त्या वेळी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. त्यांनी आदिलाबादेत काम करताना गोंडी आत्मसात केली, १९४९ मध्ये तेथील गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गोंडी भाषेचे व्याकरणही रचले. मराठेशाहीचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना मानतो. गोंडवनाचे अभ्यासक म्हणून मराठी विद्यापीठांतून त्यांचे नाव क्वचितच निघते. पगडींना येथे राहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती हे खरे, पण शासकीय सेवकाची म्हणून काही बंधने त्यांनाही होतीच.

संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर हैमेनडॉर्फ लंडनला गेले आणि तेथील प्राच्यविद्या संस्थेत प्राध्यापक झाले. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते पुन्हा आदिलाबादला येत राहिले. चाळीसच्या दशकात पट्टे मिळालेल्या गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेलेल्या त्यांना दिसल्या, आणि १९८२ च्या ग्रंथात त्यांनी ते कठोरपणे नमूद केले. या वेळच्या लेखनाचा सूर पहिल्यापेक्षा मोकळा आहे. आता त्यांचा मुक्काम कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नव्हता. पत्नी बेट्टी यांचे १९८७ मध्ये निधन झाले. त्यांची समाधी मारलवाईत आहे. हैमेनडॉर्फ स्वतः १९९५ मध्ये वारले.

उलट दिशेचा प्रवास

आपल्या विदर्भाचा संशोधक परक्या देशात गेला तेव्हा काय घडले, याचेही एक उदाहरण आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत सामील झाले, आणि ब्रिटिशांच्या दृष्टीने बंडखोर असल्याने स्वदेशाचे दार त्यांना बंद झाले. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी भित्तिचित्रात त्यांना रंगविले. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला शेती जाणणारा माणूस हवा होता, आणि खानखोजे यांना राहण्यास जागा. येथे त्यांचे काम हीच त्यांची शिफारस ठरली. स्वातंत्र्यानंतर ते नागपुरास परतले व १९६७ मध्ये तेथेच निवर्तले.

स्वतःची याचिका

आता पुन्हा त्या माजी विद्यार्थ्याच्या कागदांकडे वळू. अमेरिकेत हिंदी माणसाला नागरिकत्वाचा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला, तोही वर्षास शंभर जणांच्या प्रवेशमर्यादेसह. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही असे ठरवून हा मार्ग बंद केला होता. १९६५ मध्ये राष्ट्रनिहाय कोट्याची जुनी पद्धत गेली. तथापि नोकरीच्या आधारे कायम निवास मिळवावयाचा तर अर्ज साधारणतः मालकाने करावयाचा असे, आणि या कामास योग्य अमेरिकन माणूस उपलब्ध नाही असा श्रम खात्याचा दाखला लागे. १९९० च्या कायद्याने यास दोन अपवाद नीट बांधून दिले. असामान्य गुणवत्ता असलेल्या व्यक्तीस मालकाविना स्वतः याचिका करता येते. त्यासाठी नोबेलसारखा एखादा मोठा पुरस्कार तरी हवा, नाहीतर दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण व्हावे लागतात. पुरस्कार, मौलिक योगदान, विद्वत्तापूर्ण लेख, इतरांच्या कामाचे परीक्षण हे त्यांपैकी काही. दुसरा अपवाद राष्ट्रहिताचा. उच्च पदवीधराचे काम राष्ट्राच्या हिताचे असेल तर नोकरीच्या प्रस्तावाची अट माफ करता येते. याचा अर्थ १९९८ मध्ये एका निर्णयाने कडक केला गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये 'धनसर' प्रकरणात तो नव्याने मांडण्यात आला. हे प्रकरण विमान व अवकाश अभियांत्रिकीतील एका संशोधकाचे होते. कामाला गुण व राष्ट्रीय महत्त्व आहे काय, ते पुढे नेण्यास अर्जदार समर्थ आहे काय, आणि एकंदरीत अट माफ करणे देशाच्या हिताचे ठरेल काय, हे तीन प्रश्न तेव्हापासून विचारले जातात.

या पद्धतीत मालकाचे ओझे उतरते हे निर्विवाद आहे. ज्या संशोधकाचा निवास एका प्रयोगशाळेच्या प्रमुखावर अवलंबून आहे, तो त्या प्रमुखाच्या चुकीच्या निष्कर्षाला विरोध करताना दोनदा विचार करील. हैमेनडॉर्फ यांच्या बाबतीत जी शंका आपण उपस्थित केली ती इथेही लागू पडते. स्वतःच्या याचिकेने ही शंका बरीचशी दूर होते, आणि म्हणून प्रस्तुत लेखकास ही तरतूद श्रेयस्कर वाटते. परंतु आश्रयदात्याची जागा रिकामी राहत नाही. तिथे शिफारसपत्रे लिहिणारे समव्यवसायी येतात, उल्लेखांचे आकडे येतात. शिवाय ज्या संस्कारांत आत्मस्तुती हा दोष मानला जातो, त्या संस्कारांतील मुलाला आत्मस्तुतीचा प्रबंध लिहावा लागतो. त्याची ती लाज प्रस्तुत लेखकास खरी वाटली.

आणखी एक गोष्ट. याचिका मंजूर झाली म्हणजे निवास मिळाला असे नाही. तेथील कायद्याने कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या परवान्यांपैकी सात टक्क्यांहून अधिक सामान्यतः मिळत नाहीत. भारतीय अर्जदारांची संख्या मोठी असल्याने राष्ट्रहिताच्या वर्गात मंजुरीनंतरची प्रतीक्षा दशकाहून अधिक लांबते. म्हणजे गुणवत्ता व्यक्तीची मोजली जाते आणि रांग जन्मभूमीची लागते. १९३९ मध्येही हैमेनडॉर्फ यांचे काम त्यांचे स्वतःचे होते, पारपत्र मात्र राष्ट्राचे.

आपला कायदा काय म्हणतो

परदेशाची चिकित्सा करताना आपल्या घरात डोकावणे प्राप्त आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात देशीकरणाची तरतूद आहे आणि तीत एक उदार परंतुक आहे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगतीची ज्याने विशेष सेवा केली आहे, त्याच्या बाबतीत केंद्र शासन देशीकरणाच्या अटी माफ करू शकते. असामान्य गुणवत्तेची कल्पना आपल्याकडे अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याआधी पस्तीस वर्षे लिहिली गेली होती. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले व १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले, हे अलीकडच्या इतिहासातील ठळक उदाहरण.

या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात देशीकरणासाठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान आवश्यक मानले आहे. गोंडी त्या अनुसूचीत नाही. उद्या एखादा परदेशी भाषाशास्त्रज्ञ भामरागडला वीस वर्षे राहिला, माडियांशी त्यांच्याच भाषेत अस्खलित बोलू लागला, तरी त्या ज्ञानाची या अटीच्या पूर्ततेसाठी गणती होणार नाही. त्याला मराठीची किंवा हिंदीची परीक्षा वेगळी द्यावी लागेल. परंतुकाखाली सूट मिळू शकेल, पण सूट ही पुन्हा मर्जीच.

नागरिकत्व न घेता कायम निवास देण्याची स्वतंत्र योजना केंद्राने २०१६ मध्ये आणली. ती परदेशी गुंतवणूकदारांसाठी आहे. दीड वर्षात १० कोटी किंवा तीन वर्षांत २५ कोटी रुपये गुंतवावेत आणि दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार मिळावा, अशी तिची अट ठेवण्यात आली. संशोधकासाठी अशी योजना नाही. त्याला संस्थेशी बांधलेला संशोधन-व्हिसा. १९३९ चा परकीयांच्या नोंदणीचा आणि १९४६ चा परकीयांविषयीचा, असे दोन्ही जुने कायदे रद्द करून १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवासन व परकीय कायदा लागू झाला आहे. त्यानेही हे चित्र बदललेले नाही. पैसा असलेल्याला स्वतःच्या बळावर राहता येते आणि ज्ञान असलेल्याला कोणाच्या तरी छत्राखाली, ही व्यवस्था एका विद्याप्रेमी म्हणविणाऱ्या समाजास शोभत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दावेदार आणि साक्षीदार

या चर्चेत एक अर्जदार अद्याप आलेला नाही. तो म्हणजे स्वतः गोंड. कुमराम भीमूच्या अर्जांचे काय झाले ते आपण पाहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा क्रम प्रथमच उलटा केला. आता वनात राहणारा माणूस स्वतःच्या नावाने दावा करतो, ग्रामसभा त्याची पडताळणी करते. आदिवासी दावेदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, इतर पारंपरिक वननिवासींस तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळविला, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. कागद मिळूनही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावास झगडावे लागले आणि तो परवाना २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आला. मंजुरी आणि प्रत्यक्ष हक्क यांतील अंतर आमच्या माजी विद्यार्थ्याला आणि मेंढ्याच्या ग्रामसभेला सारखेच परिचित आहे.

वनहक्काच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. दाव्यासोबत त्यांपैकी किमान दोन लागतात. सरकारी दस्तऐवज त्यात आहेत, विहीर-घर-देवस्थान अशा खुणा आहेत, दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्या माणसाचे लिहून घेतलेले निवेदन आहे, आणि नामांकित संस्थांनी केलेले संशोधन व चालीरीतींच्या नोंदीही आहेत. म्हणजे ज्या अभ्यासकाचे येथे राहणे एके काळी सरकारच्या कृपेवर होते, त्याच्या जातीच्या लेखनाला आता येथील माणसाच्या हक्काचा साक्षीदार म्हणून उभे राहता येते.

जिवती-राजुऱ्याच्या डोंगरातील दावेदाराची अडचण तरीही वेगळीच आहे. १९५६ पूर्वीचा त्याच्या आजोबांच्या जमिनीचा कागद असलाच तर तो निजामाच्या महसूल खात्याचा, उर्दूतला; जिल्ह्याचे तेव्हाचे ठिकाण आदिलाबाद आज तेलंगणात आहे. त्या काळाचे दुसरे लिखित साधन म्हणजे हैमेनडॉर्फ आणि पगडी यांची पुस्तके, आणि ती इंग्रजीत आहेत. उरते ते वडीलधाऱ्याचे निवेदन. १९४० मध्ये दहा वर्षांचा असलेला माणूस आज पंचाण्णवच्या पुढे आहे.